लोअर ब्रॉडवेवरचे गायकांचे बार: नॅशव्हिलचं डाऊनटाऊन नक्की कोणी उठवलं?

खर्ज:

नॅशव्हिलला पाहुणे येतात ते हल्ली यादी घेऊनच येतात. जेसन आल्डीनचा बार, ल्यूक ब्रायनचा, मिरांडा लँबर्टचा, किड रॉकचा, ब्लेक शेल्टनचा, गार्थ ब्रुक्सचा, एरिक चर्चचा, मॉर्गन वॉलनचा आणि आता बॉन जोवीचासुद्धा. लोअर ब्रॉडवे या डाऊनटाऊनमधल्या बारच्या रस्त्याच्या मोजक्या ब्लॉक्समध्ये एवढ्या नावांच्या पाट्या झाल्यात की जुन्या ठिकाणांची दारं शोधावी लागतात. आणि परत येताना गाडीत ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, काय भारी केलंय ना या गायकांनी, मेलेलं डाऊनटाऊन जिवंत केलं.

हे वाक्य मला खुपतं म्हणून धागा काढतोय. क्रम उलटा आहे. डाऊनटाऊन आधी उठलं, नावं नंतर आली. सालंच बघा ना. रायमन ऑडिटोरियम १८९२ चं, ग्रँड ओल ओप्री, म्हणजे कंट्री संगीताचा रेडिओवरचा कार्यक्रम, तिथे १९४३ ते १९७४ होतं. १९७४ च्या मार्चमध्ये ओप्री शहराबाहेर ओप्रीलँडला गेलं आणि शनिवार रात्रीची सगळी गर्दी सोबत घेऊन गेलं. मागे ब्रॉडवेवर राहिली पीप शोची दुकानं, रिकामे गाळे आणि टूट्सीज या बारसारखी दोनचार चिवट ठिकाणं. १९९१ मध्ये गायिका एमिलू हॅरिसने रायमनमध्ये कार्यक्रम रेकॉर्ड केला तेव्हा इमारतीची अवस्था अशी होती की बाल्कनीत आणि बाल्कनीच्या खाली कोणाला बसू देत नव्हते, जेमतेम दोनशे लोकांना प्रवेश. पण त्याने लोकांचं लक्ष त्या इमारतीकडे परत गेलं, १९९४ ला रायमन दुरुस्त होऊन उघडलं, १९९६ ला समोर अरीना आला, २००१ ला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम डाऊनटाऊनमध्ये आलं, २०१३ ला म्युझिक सिटी सेंटर हे भलंमोठं कन्व्हेन्शन सेंटर. याच काळात, नव्वदीच्या मध्यावर, रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड या बारमध्ये बीआर५-४९ नावाचा बँड टिपवर वाजवत होता आणि तरुण पोरं जुनं कंट्री ऐकायला रांगा लावत होती.

आणि आज ज्यांना श्रेय मिळतं ते कधी आले? ॲलन जॅक्सन २०१६. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन ही जोडी २०१७. डर्क्स बेंटली, आल्डीन, ब्रायन, शेल्टन, किड रॉक सगळे २०१८ या एकाच वर्षात. मिरांडा २०२१. बाकीचे २०२३-२४. म्हणजे रायमन परत उघडल्यावर बावीस ते तीस वर्षांनी, जेव्हा फुटपाथवर चालायला जागा नव्हती तेव्हा.

माझा या बारना विरोध नाहीये, मी स्वतः जातो. पण दुसऱ्या शहरांमध्ये डाऊनटाऊनचं काय करायचं हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, एखादं मोठं नाव आणा. माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी येतं. तुमच्या शहरात काय अनुभव आहे ते लिहा.

ताकभात:

खर्ज, सालं बरोबर आहेत पण निष्कर्ष नाही पटला. मी नॅशव्हिलला कॉन्फरन्ससाठी येते तेव्हा माझ्यासोबत असे लोक असतात ज्यांनी आयुष्यात कंट्रीचं एक गाणं ऐकलेलं नसतं. त्यांना टूट्सीज म्हणजे काय, रॉबर्ट्स म्हणजे काय, काहीही माहीत नाही. ब्लेक शेल्टन मात्र टीव्हीमुळे माहीत आहे. रात्री आठ वाजता अनोळखी शहरात दहा जणांचा ग्रुप कुठे जाईल? जिथे ओळखीचं नाव आहे, चार मजले आहेत, बसायला जागा मिळेल, जेवण मिळेल, स्वच्छ बाथरूम आहे तिथेच जाईल ना. तो ग्रुप एकदा रस्त्यावर उतरला की मग बाजूच्या छोट्या ठिकाणीही डोकावतो. आम्ही डोकावलो. नाव नसतं तर हॉटेलच्या लॉबीत बसून राहिलो असतो.

आणि नोकऱ्यांचं काय? एकेका इमारतीत किचन, बार, सिक्युरिटी, साउंड इंजिनियर, प्रत्येक मजल्यावर वेगळा बँड. हे छोट्या होंकी-टाँकने, म्हणजे कंट्री वाजवणाऱ्या साध्या बारने, नसतं झालं.

हिशेबनीस:

माझं काम रेस्टॉरंटच्या हिशेबांचं आहे त्यामुळे त्या बाजूने लिहितो. 'सेलिब्रिटीचं रेस्टॉरंट' म्हटलं की लोकांना वाटतं त्याने पैसे घातले, जागा घेतली, मेन्यू ठरवला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. चालवणारी कंपनी वेगळी असते, ती इमारत भाड्याने घेते, गुंतवणूकदार आणते, लायसन्सं काढते, स्टाफ ठेवते. स्टार आपलं नाव वापरायला देतो, त्याबद्दल रॉयल्टी किंवा थोडा हिस्सा घेतो, उद्घाटनाला येतो आणि वर्षातून अधूनमधून न सांगता स्टेजवर जाऊन दोन गाणी म्हणतो, ती सोशल मीडियावर फिरतात. ब्रॉडवेवरच बघा, आल्डीनचा, ब्रायनचा, मिरांडाचा आणि वॉलनचा असे चारही बार चालवणारी टीसी रेस्टॉरंट ग्रुप ही एकच कंपनी आहे. शेल्टनचा ओल रेड चालवते रायमन हॉस्पिटॅलिटी, म्हणजे रायमन ऑडिटोरियमचीच मालक कंपनी. उलट ॲलन जॅक्सनने इमारतच विकत घेतली होती, तो वेगळा प्रकार.

या धंद्याचा मोठा धडा म्हणजे प्लॅनेट हॉलिवूड. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला ५७ व्या स्ट्रीटवर उघडलं, श्वार्झनेगर, स्टॅलोन, ब्रूस विलिस, डेमी मूर ही नावं. स्टार्सना शेअर्स मिळाले, त्यांनी उद्घाटनांना यायचं असा व्यवहार. १९९६ ला शेअर बाजारात आले तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी उड्या मारल्या. १९९९ ला दिवाळखोरी, २००१ ला परत दिवाळखोरी. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरही त्यांचं एक होतं बरं का, ते आलं आणि गेलं, रस्ता तिथेच राहिला. १९९५ चं फॅशन कॅफे तर क्लॉडिया शिफर, नेओमी कॅम्पबेल, एल मॅकफर्सन एवढी नावं असून तीन वर्षांत आटोपलं.

कारण साधं आहे. पहिल्यांदा लोक नावासाठी येतात, दुसऱ्यांदा जेवणासाठी. दुसऱ्यांदा यायला कारण नसेल तर रोज नवीन माणूस लागतो. म्हणून हे मॉडेल तिथेच चालतं जिथे रोज नवीन माणूस येतोच, टाइम्स स्क्वेअर, लास व्हेगस, ऑरलँडो आणि आता लोअर ब्रॉडवे. ज्या डाऊनटाऊनमध्ये माणूसच येत नाही तिथे हे नेऊन ठेवलं तर पहिलं वर्ष बरं जातं, पुढे सगळं स्थानिक लोकांवर असतं आणि स्थानिक माणूस महिन्यातून चारदा टी-शर्ट विकत घेत नाही.

मिशिगनकर:

हिशेबनीस, उत्तम पोस्ट. डेट्रॉइटचं उदाहरण देतो, कारण इथे उलट्या आकाराचा प्रयोग झालाय. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये रॅपर एमिनेमने वुडवर्ड ॲव्हेन्यूवर मॉम्स स्पॅगेटी उघडलं. नाव त्याच्या गाण्यातल्या ओळीवरून आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. हे चार मजली वगैरे काही नाही. गल्लीत एक खिडकी, तिथून डब्यात स्पॅगेटी मिळते, साधी, सॉसवाली, मीटबॉल्स हवे तर मीटबॉल्स, नाहीतर ब्रेडमध्ये घालून सँडविच. वर एक छोटं दुकान आहे त्यात त्याच्या जुन्या वस्तू. पहिल्या दिवशी तो स्वतः खिडकीत उभा राहून रांगेतल्या लोकांना डबे देत होता, लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते.

हे मला आवडतं कारण त्यात शहराची ऐट आहे, परकं काही आणून ठेवलेलं नाही. मॅच बघायला किंवा फॉक्स थिएटरला जाताना माणूस दोन मिनिटं थांबतो, डबा घेतो, पुढे जातो. पण खर्जचा मुद्दा इथेही लागू होतोच. फॉक्स थिएटर १९८८ ला दुरुस्त होऊन उघडलं, बेसबॉलचं मैदान २००० ला आलं, फुटबॉलचं २००२ ला, लिटल सीझर्स अरीना २०१७ ला. खिडकी त्यानंतर आली. १९९५ मध्ये त्याच गल्लीत रात्री स्पॅगेटीला कोण उभं राहिलं असतं?

ठेका:

एरवी वाचनमात्र असते पण हा विषय घरातला आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा ड्रम वाजवतो, लोअर ब्रॉडवेवरच. कोणत्या बारमध्ये ते नाही लिहीत.

लोकांना दिसते ती रात्र. शिफ्ट चार तासांची असते आणि दिवसाची पहिली सकाळी दहा-अकराला सुरू होते, शेवटची रात्री दोन-अडीचला संपते. चार तास सलग म्हणजे खरंच सलग, ब्रेक घेतला की गर्दी बाजूच्या दारात जाते म्हणून कोणी ब्रेक घेत नाही, गाणं संपताना बास चालूच राहतो आणि गायक बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. बहुतेक ठिकाणी एंट्री फी नसते, त्यामुळे बारकडून मिळणारी रक्कम छोटी असते आणि घर चालतं ते त्या बादलीवर. आता बादलीवर क्यूआर कोड पण चिकटवलेला असतो. गाण्याची फर्माईश आली की नोट टाका मग वाजवतो असं हसत सांगावं लागतं. तेच तेच पाच-सहा फर्माईशीचे हिट, प्रत्येक शिफ्टला. स्वतःचं लिहिलेलं गाणं मधे सरकवलं तर मॅनेजर नाराज.

आणि सामान. सिंबल्सची बॅग, स्नेअर, पेडल घेऊन जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, कारण लिफ्ट गिऱ्हाइकांनी भरलेली. गाडी दोन मैल लांब लावायची कारण जवळच्या पार्किंगमध्ये त्या दिवसाची अर्धी कमाई जाईल. त्याच्या तळहातांना टेपच्या पट्ट्या कायम असतात, मी त्या बघते आणि काही बोलत नाही.

मोठ्या नावाच्या बारबद्दल मला एवढंच विचारायचंय, ज्याचं नाव बाहेर आहे तो स्वतः एकेकाळी असाच टिपवर गायलेला असतो, मग त्याच्या बारमध्ये वाजवणाऱ्यांना बादली का फिरवावी लागते? ताकभात म्हणतात नोकऱ्या मिळाल्या. मिळाल्या, खरंय, प्रत्येक मजल्यावर बँड आहे, त्यामुळे माझ्या मुलालाही काम मिळालं, मी ते विसरत नाही. पण रस्ता चालतो तो या पोरांच्या जोरावर आणि त्यांना शहरात घर परवडत नाही.

ताकभात:

ठेकाताई, तुमची पोस्ट वाचून गप्प झाले. बादली आमच्या टेबलावर आली होती तेव्हा आम्हाला वाटलं ही वरकमाई आहे, मूळ पगार असेलच. हे बाहेरून येणाऱ्याला कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

निळा_सूर:

मेम्फिसहून. बील स्ट्रीटची गोष्ट सांगतो, नॅशव्हिलपासून तीन तासांवर आहे पण धडा वेगळा आहे. १९६६ मध्ये बील स्ट्रीटला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरच अर्बन रिन्यूअलच्या नावाखाली आजूबाजूची वस्ती पाडली. तिथे राहणारी, दुकानं चालवणारी कृष्णवर्णीय माणसं गेली आणि मग मधला तेवढा रस्ता १९८३ ला करमणुकीचा रस्ता म्हणून परत उघडला. १९९१ मध्ये ब्लूज गायक बी. बी. किंगच्या नावाचा क्लब आला. तो माणूस याच रस्त्यावर तरुणपणी वाजवून मोठा झाला होता, त्याच्या नावातलं बी. बी. म्हणजे ब्लूज बॉय, आणि ते टोपणनाव आधी बील स्ट्रीट ब्लूज बॉय असंच होतं. त्यामुळे ते नाव तिथे शोभलं, आणि क्लब टिकला, किंग २०१५ ला गेल्यानंतरही.

आता दुसरं. १९९७ मध्ये त्याच रस्त्यावर एल्व्हिस प्रेस्लीज मेम्फिस नावाचं रेस्टॉरंट निघालं, जागाही अशी की एल्व्हिस जिथे कपडे घ्यायचा ते लॅन्स्कीचं दुकान तिथे होतं. एल्व्हिसपेक्षा मोठं नाव या शहरात नाही, जागा खरी, इतिहास खरा. २००३ ला बंद झालं. जगातून माणसं एल्व्हिसच्या घरी, ग्रेसलँडला येतात, ते आहे डाऊनटाऊनपासून कितीतरी मैल लांब, तिथूनच परत जातात.

मला वाटतं फरक रोज रात्रीच्या संगीतात आहे. बी. बी. किंगच्या क्लबमध्ये हाऊस बँड खणखणीत होता. नाव वाचून आलेला माणूस बँड ऐकून परत यायचा. शिकागोला 'बडी गाय' या ब्लूज गिटारवादकाचा लेजेंड्स हा क्लब १९८९ पासून चालू आहे तो पण याचमुळे, आणि तिथे तर मालक स्वतः जानेवारीत ओळीने वाजवतो, एरवी कित्येकदा बारपाशी स्टूलवर बसलेला दिसतो. नाव देणं आणि तिथे बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खर्ज:

निळा_सूर, बडी गायचं उदाहरण अगदी मनातलं. आणि हा प्रकार नॅशव्हिललाही नवीन नाही. अर्नेस्ट टब हा त्याच्या काळातला फार मोठा स्टार, त्याने १९४७ ला रेकॉर्डचं दुकान काढलं आणि १९५१ ला ते ब्रॉडवेवर आणलं. ओप्री संपली की शनिवारी मध्यरात्री त्याच दुकानातून मिडनाइट जँबोरी रेडिओवर जायची, आणि त्यात तो नवीन, कोणी न ओळखणाऱ्या गायकांना उभं करायचा. स्टारने डाऊनटाऊनला काय द्यावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ते दुकान २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा आजूबाजूला मोठ्या नावांचे बार जोरात चालू होते. हे मला लागलंय.

टूट्सीजचं पण तेच. १९६० ला टूट्सी बेसने जागा घेतली, मागचं दार गल्लीत उघडतं आणि गल्लीपलीकडे रायमन. कडकीतल्या गीतकारांना ती उधारीवर खायला-प्यायला द्यायची, उधारीच्या चिठ्ठ्या सिगारच्या खोक्यात ठेवायची, आणि ओप्रीतली बडी मंडळी वर्षाअखेर ते खोकं फेडून टाकायची असं सांगतात. विली नेल्सन त्या उधारीवाल्या दिवसांतलाच.

आणि रॉबर्ट्स. ते आधी बुटांचं दुकान होतं, अजूनही भिंतीवर बूट आहेत. १९९९ पासून मालक जेसी ली जोन्स, मूळचे ब्राझीलचे, स्वतःच्या बँडसोबत स्वतःच्याच स्टेजवर गातात. तिथे अजूनही जुनं कंट्रीच वाजतं, तळलेल्या बोलोनाचं सँडविच, चिप्स, मून पाय आणि बीअर असा स्वस्तातला कॉम्बो मिळतो. बाहेर कोणा स्टारचं नाव नाही. ठेकाताईंनी सांगितलेली मुलं सुट्टीच्या दिवशी गाणं ऐकायला जातात ती इथे.

हडसनकाठ:

धाग्याची दिशा एकतर्फी होतेय असं वाटतं. नाव आधी आलं आणि वस्ती नंतर फुलली असंही झालंय. न्यूयॉर्कचं ट्रायबेका. १९९० मध्ये रॉबर्ट डी नीरोने ड्रू नीपोरेंटसोबत ट्रायबेका ग्रिल उघडलं तेव्हा तो भाग म्हणजे जुनी गोदामं, लॉफ्टमध्ये राहणारे चित्रकार आणि संध्याकाळनंतर शुकशुकाट. इमारत जुन्या कॉफी कंपनीची. वर फिल्मवाल्यांची ऑफिसं, खाली रेस्टॉरंट, भिंतीवर डी नीरोच्या वडिलांची चित्रं. गुंतवणूकदारांत बिल मरे, शॉन पेन, बॅरिशनिकोव्ह. चार वर्षांनी जवळच त्यांचं दुसरं रेस्टॉरंट, नोबू. ११ सप्टेंबरनंतर खालचं मॅनहॅटन सुन्न झालं होतं, तेव्हा २००२ ला यांनीच ट्रायबेका फिल्म फेस्टिव्हल सुरू केला, लोकांनी परत खाली यावं म्हणून. ग्रिल २०२५ ला बंद झालं, म्हणजे जवळपास पस्तीस वर्षं चाललं. मी तिथे ऑफिसच्या लोकांसोबत जेवलेय आणि एकदाही डी नीरो दिसला नाही, पण जेवण इतकं नीट होतं की त्याची आठवणही यायची नाही.

इथे नाव आधी होतं. पण तो तिथे राहत होता, कामही तिथेच करत होता, आणि सोबत पक्का रेस्टॉरंटवाला घेतला होता.

मिशिगनकर:

हडसनकाठ, लॉफ्टमधले चित्रकार डी नीरोच्या आधीच होते ना. म्हणजे तिथेही कोणीतरी कमी पैशात आधी येऊन राहिलं होतंच.

हडसनकाठ:

होते, आणि नंतर त्यांना भाडं परवडेना म्हणून बहुतेकांना जावं लागलं. ते मी नाकारत नाही.

कॅन्ससकाकू:

आमच्याकडे कॅन्सस सिटीत सध्या हाच विषय आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, इथल्या फुटबॉल टीमचे खेळाडू पॅट्रिक महोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी यांचं १५८७ प्राइम हे स्टेकहाऊस डाऊनटाऊनच्या लोज हॉटेलमध्ये उघडलं. एकाची जर्सी १५, दुसऱ्याची ८७. चालवणारी कंपनी बाहेरची आहे, हिशेबनीसांनी सांगितलं तसंच. सगळं शहर लाल जर्सी घालून फिरतं त्यामुळे टेबल मिळणं कठीण, आणि माझी सून वाढदिवसाला जाऊन आली ती खूश होती. मला याचा आनंदच आहे, कारण डाऊनटाऊनला संध्याकाळी नटूनथटून जायचं असं आमच्या पिढीने इथे फार कमी पाहिलंय.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्याकडे पॉवर अँड लाइट डिस्ट्रिक्ट २००७-०८ ला झालं, अरीनाच्या बाजूला, बार, रेस्टॉरंट, मोठा स्क्रीन सगळं एकदम नव्याने बांधलेलं. शहराने त्यासाठी रोखे काढले, आणि तिथल्या करातून ते फिटतील असा हिशेब होता. तेवढा कर आलाच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं शहराच्या तिजोरीतून भर घालावी लागलीय. गर्दी असते, मॅचच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि तरीही हिशेब जुळत नाही. म्हणून नुसती गर्दी बघून डाऊनटाऊन उठलं म्हणू नये. गर्दी कोणाच्या पैशाने जमली तेही विचारावं.

हिशेबनीस:

काकू, अगदी बरोबर. स्टारच्या बारचा तोटा गुंतवणूकदाराचा, पण डिस्ट्रिक्टचा तोटा सगळ्या शहराचा.

यात एक माणूस मला वेगळा वाटतो, बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन. त्याने स्वतःच्या नावाची हॉटेलं काढत बसण्यापेक्षा जिथे कोणी जात नव्हतं तिथे धंदा नेला. १९९५ ला लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्सला थिएटर, आणि १९९८ पासून स्टारबक्सबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीदारीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमध्ये कॉफीची दुकानं. शंभराच्या वर दुकानं झाली, २०१० ला त्याने आपला हिस्सा स्टारबक्सला परत विकला. तो सांगतो की स्कोन काढून स्वीट पोटॅटो पाय ठेवला, दुकानात लावलेलं संगीत बदललं, कारण तिथल्या लोकांना काय आवडतं ते त्याला माहीत होतं. कॉफीच्या दुकानांच्या दारावर त्याचं मोठ्ठं नाव नव्हतं. त्याच्या नावाचा उपयोग बँकेत आणि कंपनीच्या बोर्डात झाला, तिथली दारं उघडायला. ज्या स्टारला खरंच शहराचं भलं करायचंय त्याने नाव तिथे वापरावं असं मला वाटतं.

ताकभात:

हे पटलं. आणि छोट्या गावाचं एक उदाहरण माझ्याकडून. शेल्टनचा पहिला ओल रेड नॅशव्हिलला नाही, ओक्लाहोमात टिशोमिंगोला निघाला, २०१७ मध्ये. तीनेक हजार वस्तीचं गाव. त्याआधी मिरांडाने तिथे पिंक पिस्टल नावाचं दुकान काढलं होतं. त्या गावात ना रायमन ना अरीना, तरी लोक गाडी काढून जातात. शेल्टन तिथल्या भागातला, त्याचं रँच तिथे आहे. म्हणजे हडसनकाठ म्हणतात तेच, स्टार जिथे राहतो तिथे उघडलं की चालतं. नॅशव्हिलमध्ये एकाच रस्त्यावर इतकी नावं झाल्यावर एका नावाची किंमत काय उरते ते मात्र मला समजत नाही.

खर्ज:

ताकभात, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला. एकेका नावाने काहीच बदलत नाही आता. एक बंद झालं की दुसरी पाटी लागते. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन फुटले, त्यांच्या बारच्या जागी २०२४ ला लेनी विल्सनची पाटी लागली. लेनी चांगलीच आहे, पण इमारत तीच, कंपनी तीच.

भाडं मात्र बदलतं. चार मजले आणि रूफटॉप असणारा जे भाडं देऊ शकतो ते एका खोलीतलं होंकी-टाँक देऊ शकत नाही. ज्यांनी स्वतःची जागा आधी घेतली ते टिकले. म्हणून शहराने काही करायचं असेल तर माझ्या मते जुन्या छोट्या जागांना हात द्यावा, करात सवलत, भाड्यात मदत, जे काही कायद्यात बसेल ते. मोठ्या नावांना सवलतीची गरज नाही. इथलं कौन्सिल कधीकधी ठाम राहतं हेही लिहितो. २०२४ च्या एप्रिलमध्ये वॉलनने एरिक चर्चच्या बारच्या गच्चीवरून खुर्ची खाली फेकली, ती पोलिसांच्या जवळच पडली, आणि मे महिन्यात त्याच्या नव्या बारची फुटपाथवर येणारी पाटी कौन्सिलने त्या वेळी मोठ्या बहुमताने नाकारली. पार्टी बस आणि पेडल टॅव्हर्न (पायडल मारत दारू पिण्याच्या गाड्या) यांच्यावरही नियम आणावे लागले, कारण डाऊनटाऊनमध्ये राहणाऱ्यांना खिडक्या उघडणं अशक्य झालं होतं. डाऊनटाऊनमध्ये लोक राहतातसुद्धा, हे करमणुकीच्या चर्चेत पहिलं विसरलं जातं.

ठेका:

भाड्याबद्दल लिहिलंत तसं पार्किंगबद्दल पण कौन्सिलला लिहा कोणीतरी. वाजवणाऱ्या मुलांसाठी शिफ्टच्या वेळेपुरती एखादी लॉट राखून ठेवली तर शहराचं फार काही जाणार नाही. आणि बारवाल्यांनी किमान रक्कम ठरवावी, ती दारावर लावावी. बादली राहू दे, ती जुनी रीत आहे, मुलांना त्यात मजा पण येते, लोकांशी बोलणं होतं. पण ओल्या मंगळवारी रस्त्यावर कोणी नसतं तेव्हासुद्धा चार तास वाजवल्याचे पैसे मिळायला हवेत.

निळा_सूर:

ठेकाताईंना पूर्ण अनुमोदन. मेम्फिसलाही हेच.

कॅन्ससकाकू:

ऑक्टोबरमध्ये मुलगा-सून मला नॅशव्हिलला घेऊन येतायत. सून म्हणते मिरांडाच्या बारला जायचंच. मला गर्दी झेपत नाही. खर्ज, मी काय करू ते सांग.

खर्ज:

काकू, सुनेला मिरांडाच्या बारला जाऊ दे, तुम्हीही जा, पण दुपारी तीनच्या आसपास, तेव्हा वरच्या मजल्यावर खिडकीशी टेबल मिळतं. त्याआधी सकाळी रायमनची टूर करा, आतली लाकडी बाकं बघा, ही इमारत चर्च होती त्या काळातली ती आहेत. तिथून गल्लीतून टूट्सीजच्या मागच्या दाराशी या, गल्ली ओलांडायला चार पावलं लागतात. मग रॉबर्ट्स, दुपारच्या आधी, तेव्हा आवाजही बेताचा असतो आणि वाजवणारे दिवसातले सगळ्यात ताजे असतात. बसायला जागा मिळेल. पाच-पाचच्या नोटा सुट्या करून आणा, बादली आली की गायकाला त्याचं स्वतःचं एखादं गाणं म्हणायला सांगा आणि नोट त्यासाठी टाका. रविवार टाळा त्या आठवड्यात टायटन्स या फुटबॉल टीमची घरची मॅच असेल तर. पार्किंग लायब्ररीच्या गॅरेजमध्ये करा, तिथून चालत उतार आहे, परत येताना थोडा चढ लागेल.